ठाण्यात घरच्या टँकमधला सी हॉर्स दुसऱ्या कोणाला द्यायचा आहे. कोणाला आणि कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मामेभावाने हौसेने आणून दिलेला सी हॉर्स तुमच्याकडे आहे, पुढच्या महिन्यात बंगळुरूला बदली आहे आणि जायच्या आधी त्याला 'चांगलं घर' मिळायला हवंय. शिवाय तो नीट खात नाही. मी ठाणे-नवी मुंबईत खाऱ्या पाण्याच्या टँकची देखभाल करतो. दवाखान्यांमधले टँक असतात, काही घरचेही. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो.

कडू भाग आधी सांगतो. घर शोधू नका. सी हॉर्स (समुद्री घोडा, हा मासाच) आणि त्याचे भाऊबंद, नळीसारखे पाइपफिश, 2001 साली वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्यामुळे 'विकत नाहीये, फुकट देतोय' हा बचाव चालत नाही. चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनच्या (राज्याच्या वन्यजीव विभागाचा मुख्य अधिकारी) लेखी परवानगीशिवाय असा प्राणी ठेवणं आणि दुसऱ्याच्या हवाली करणं दोन्ही बेकायदा, आणि घेणाराही त्यात अडकतो. सोसायटीच्या किंवा फिशटँकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून 'कोणाला हवाय का' विचारलंत, तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच वाटून मोकळे व्हाल.

'पण दुकानदार म्हणाला, परदेशात पैदास केलेला आहे, कागद लागत नाहीत.' हे वाक्य मला पाठ झालंय. परदेशातून आलेला असेल तर उलट जास्त कागद लागतात, कारण सी हॉर्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2004 पासून साइटिस कराराखाली (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहे. तुमच्या मामेभावाकडे बिल, आयातीचा परवाना असं काही असेल तर शोधायला सांगा. नसेल, तर हा जीव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या जाळ्यात सापडून इथवर आलेला असण्याची शक्यता मी तरी नाकारणार नाही.

आता करायचं काय? वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि जे आहे ते सरळ सांगा: कोणी दिला, कधीपासून आहे, आता का ठेवता येत नाही. भीती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला, त्यात कमीपणा नाही. काहीच होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण स्वतःहून कळवणं आणि कोणाच्या तक्रारीवरून माणसं दारात येणं, यात माझ्या मते बराच फरक आहे. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं (खारफुटी सांभाळणारी शाखा) किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, फ्लेमिंगो बघायच्या बोटी सुटतात तेच. सागरी जीवांशी संबंध असलेलं जवळचं सरकारी ठिकाण ते, म्हणून फोनवर त्याचा उल्लेख करून कोणाशी बोलायचं ते विचारा. मात्र बादली घेऊन परस्पर तिथे जाऊन उभे राहू नका. असा प्राणी विनापरवाना नेणं हाही गुन्हाच. ताब्यात घेतील तेव्हा लेखी पोच मागून घ्या.

आणि कृपा करून खाडीत सोडू नका. 'निसर्गात परत' हे ऐकायला छान वाटतं. ठाण्याच्या खाडीचं पाणी गढूळ, त्यात पावसाळ्यात खारटपणा झपाट्याने उतरतो. टँकच्या पाण्याला सरावलेला प्राणी तिथे टिकत नाही, आणि त्याच्यासोबत टँकमधले रोग जातात ते वेगळेच.

वनविभागाची माणसं येईपर्यंत त्याला जगवायचंय, आणि खरी कसोटी तिथे आहे. सी हॉर्सला जठर नसतं. खाल्लेलं पटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यावं लागतं. फ्लेक किंवा दाणे तो बहुधा बघतही नाही, त्याला हलणारं भक्ष्य लागतं. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून, धुऊन, लांब ड्रॉपरने त्याच्या तोंडासमोर अलगद सोडा आणि हात स्थिर ठेवा. तो आधी एक डोळा वळवतो, दुसरा भलतीकडेच असतो. मग मान किंचित खाली, सोंड नेमकी रोखलेली, आणि 'टक्'. काचेजवळ कान असेल तर हा आवाज खरंच ऐकू येतो. तो आला की त्या वेळेपुरता मी निर्धास्त होतो. तुमचा खात नसेल तर त्याला जिवंतच खाण्याची सवय असू शकते. मोठी, जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) मिळवा, त्यावर चालू करा आणि हळूहळू त्यात मायसिस मिसळा. बाजारातला जवळा घालू का, असं बरेच जण विचारतात. नको. तो त्या सोंडेत मावत नाही, आणि बर्फात किती वेळ पडून होता ते देव जाणे.

दुसरा शत्रू म्हणजे आपली हवा. त्याला साधारण 22 ते 25 अंश पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद घरातला टँक 30 च्या वर जातो आणि गरम पाण्यात व्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन लावा. फॅनमुळे पाण्याची वाफ होऊन जाते पण मीठ मागे राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण) 1.023 ते 1.025 दिसायला हवं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधा, शेपूट ओढली जाते. शेपटीने धरून बसायला प्लॅस्टिकची झाडं किंवा दोरीचा तुकडा असू द्या. नुसत्या काचेच्या पेटीत तो दमतो. क्लाउनफिशसारखे चपळ सोबती असतील तर ते घास पळवतात, आणि अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) असेल तर ते डंख मारतं.

तो कारण नसताना वर तरंगत असेल, खाली जाता येत नसेल, तर अंगात हवा अडकलेली असू शकते. मग वाट बघू नका, 1926 वर हेही सांगा आणि मासे हाताळणारा पशुवैद्य शोधा. कुठल्याही कारणाने हलवताना जाळीने बाहेर काढू नका. भांडं पाण्यातच बुडवून त्याला आत घ्या, पाण्याबाहेर येऊच देऊ नका.

टँक, स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दिवे, चिलर मात्र बिनधास्त विका. फक्त आत जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळ लागलेला लाइव्ह रॉक (जिवंत सूक्ष्मजीव वसलेला समुद्री दगड) असेल तर थांबा. तेही 2001 मध्ये त्याच अनुसूचीत गेलंय. ते वेगळं विकायला काढू नका, सी हॉर्ससाठी फोन कराल तेव्हाच सांगून टाका.