उंचीची भीती आणि देणगीसाठी रॅपलिंग: कड्यावर जाण्याआधी पैशांचं बोलून घ्या

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. साखरशाळेतल्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या, मुलांसाठी निधी उभा करायचा म्हणून डिसेंबरातल्या रॅपलिंगला, म्हणजे दोरीने कडा उतरायला, नाव दिलंत, ओळखीच्या लोकांनी पैसे भरलेसुद्धा, आणि इकडे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशी गेलं तरी पोटऱ्या कापतात. वहिनी म्हणतात नाव मागे घ्या, मित्र म्हणतात काही होत नाही, डोळे मिटून उतरायचं. हे सगळं मी भोगलंय. मी साताऱ्यातली, आणि मुलींच्या वसतिगृहासाठी मीही असाच कडा उतरायचा घाट घातला होता. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बूट कुठले, नाश्ता काय, हे तुम्हाला बाकीचे सांगतीलच. आणि आधीच स्पष्ट करते की मी डॉक्टर नाही, गिर्यारोहणाची प्रशिक्षकही नाही. बीपी, हृदय, फिट्स, दमा यातलं काही असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

माझं म्हणणं एकच आहे, ते पहिल्यांदा सांगते. तुम्ही कडा उतरलात की नाही, याच्याशी देणगीचा संबंध ठेवू नका. तो आजच तोडा. देणगीदारांना साधा मेसेज टाका: पैसे मुलांसाठी आहेत, ते मुलांकडे जाणारच, मी उतरायचा पूर्ण प्रयत्न करीन, पण कड्यावरून मागे फिरलो तरी तुमची देणगी मागे फिरणार नाही. आणि आयोजकांकडून हेच लेखी घ्या.

का म्हणते, ते ऐका. आमच्या आयोजकांचं नाव लिहीत नाही, लिहून आता काही हाती लागायचं नाही. त्यांच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात ओळ होती की सहभागीने उतरणी पूर्ण केली तरच त्याच्या नावावरची देणगी धरली जाईल. पैसे मात्र आधीच त्यांच्या खात्यावर भरून घेतलेले. त्या दिवशी वर माइक घेऊन एक समन्वयक उभे होते. आपली पाळी आली की आपल्या नावामागे कोणी किती दिले ते वाचून दाखवायचे. मी हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, बांधून कड्याकडे पाठ करून उभी, पायाखालची खडी सरकतेय, आणि कानावर माझ्या मामेसासऱ्यांचं नाव आणि रक्कम. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, एवढ्या लोकांचे पैसे आहेत, विचार करा." प्रशिक्षकाने खांद्यावर हात ठेवून मला मागे झुकवलं. मी किंचाळले आणि खाली बसले. तिथून चार जणांनी धरून मला आत घेतलं.

तोवर माझी भीती उंचीची होती. त्या दिवसापासून ती लोकांचीही झाली. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायलाही गेले नाही.

आणि खरा मनस्ताप पुढे झाला. माझ्या नावावर पैसे भरणाऱ्यांना पावत्या मिळेनात. कार्यालयात गेलं की "साहेब दौऱ्यावर आहेत", पुढच्या खेपेला "पूर्ण झालेल्यांची यादी वर गेलीय, तुमचं वेगळं बघावं लागेल", त्याच्या पुढच्या खेपेला समोरच्या बाईंना प्रकरणच माहीत नाही. पैसे परत द्या म्हटलं तर देणगी परत होत नाही म्हणाले. मग वसतिगृहाला पोचले का विचारलं, तर उतरणी पूर्ण नाही म्हणाले. म्हणजे पैसे ना मुलींना, ना देणाऱ्यांना. मार्च अखेर आली. नातेवाइकांचे फोन मला. ज्यांनी प्रेमाने दिले त्यांच्यापुढे मान खाली घालून बोलायची पाळी आली, आणि त्या कार्यालयातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. हे लिहितानाही हात थरथरतोय, कारण वसतिगृहाची गरज खरी होती. शेवटी वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी स्वतः मध्ये पडून त्यांच्याकडून रक्कम काढून घेतली. पावत्या काही जणांना आजतागायत नाहीत.

म्हणून पैशांचं आधी नीट करून घ्या. देणगी थेट मुलांसाठी काम करणाऱ्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) खात्यावर जाऊ द्या, मधल्या आयोजकाच्या नको आणि तुमच्या स्वतःच्या क्यूआरवर तर अजिबात नको. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. तो नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला हवा. ज्यांना देणगीवर आयकरातली (80जी ची) सूट हवी असेल त्यांचा पॅन पैसे घेतानाच घ्या. नुसत्या पावतीवर भागत नाही, संस्थेने देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. रोख 2000 रुपयांच्या वर दिले तर त्यावर सूट मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ती मिळतच नाही. बारकावे आपल्या सीएला विचारा. पण हे आधी सांगितलंत तर नंतर कोणाचे रागाचे फोन येणार नाहीत.

आता भीतीचं.

तुम्ही लिहिलंय की चक्कर येऊन खाली पडेन असं वाटतं. माझ्या डॉक्टरांनी मला जे समजावलं त्याने मला सगळ्यात जास्त धीर आला. भीतीने नाडी जोरात चालते आणि रक्तदाब वाढतो. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेक वेळा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. त्यामुळे नुसत्या उंचीच्या भीतीने माणूस सहसा कोसळत नाही, कोसळणार असं वाटत राहतं एवढंच. मात्र अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना घर फिरल्यासारखं होत असेल, तर ते कानाचं दुखणं असू शकतं. ते आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि ते डुलल्यासारखं वाटणं खोटं नसतं. आपण उभं असताना तोल सांभाळायला डोळे जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार घेत असतात. कड्यावर समोर सगळंच लांब, त्यामुळे शरीर जरा हललं तरी डोळ्यांना ते कळत नाही, आणि आपण नेहमीपेक्षा थोडे जास्त डुलतो. पाय ताठ होतात, मग आणखी डुलतो. उपाय साधा आहे: जवळचा एखादा दगड, गवताचं पातं, आपल्याच बुटाची लेस, यावर नजर ठेवायची. हाताला काहीतरी स्थिर लागू द्यायचं किंवा सरळ खाली बसायचं. डोळे मिटले तर उरलासुरला आधारही जातो. तुमच्या मित्रांचा तो सल्ला म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

सरावाचं सांगते. भीती शिगेला पोचली की आपण मागे फिरतो, लगेच बरं वाटतं, आणि मन पक्कं धरून बसतं की मागे फिरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी अलीकडे सुरू होते. म्हणून जागा अशी निवडायची की भीती वाटेल पण सोसवेल, आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मी मनात दहापैकी आकडा द्यायचे. सातवर असताना उठायचं नाही, तीन-चारवर आला की उठायचं. एकाच जागी परत परत जायचं, आणि तिथे कंटाळा आला की पुढची जागा.

मी सुरुवात साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवरच्या जागेपासून केली. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, बसायला जागा आहे, खाली सातारा पसरलेला दिसतो. मग अजिंक्यतारा किल्ला. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे दमछाक आणि भीती यांची गल्लत होत नाही. छाती धडधडतेय ती चढामुळे की भीतीमुळे, हे कळणं सुरुवातीला फार महत्त्वाचं असतं. तटापासून चांगलं लांब बसायचे, मग थोडं जवळ. मग सज्जनगड: उरमोडी धरणाचं पाणी खाली दिसतं त्या बाजूला. मग ठोसेघर धबधब्याची गॅलरी, तिथे कठडा भक्कम आहे आणि समोर एकदम खोल दरी. तुम्ही कराडचे, तुम्हाला आगाशिवच्या डोंगरावरही हे जमेल. फक्त एकटे जाऊ नका, उघड्या कड्याच्या टोकाशी जाऊ नका, पावसात किंवा दवात निसरड्या खडकावर तर नाहीच. सराव भीतीचा करायचाय, धाडसाचा नाही. सोबतीला असं माणूस न्या जे गप्प बसू शकेल. माझी धाकटी जाऊ यायची. ती शेंगा सोलत बसायची, एक शब्द बोलायची नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

भीतीवर गोळी घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. कोणाची तरी उरलेली गोळी घेऊन कड्यावर जाऊ नका. झोप आणणारी, सुस्ती आणणारी कुठलीही गोळी घेतली तर हात मंदावतो, आणि रॅपलिंगमध्ये दोरीचा ब्रेक तुमच्याच हातात असतो. भीतीने रोजचं जगणं अडत असेल, पूल ओलांडता येत नसेल, वरच्या मजल्यावरची नोकरी सोडायची वेळ आली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ही भीती उपचाराने चांगली आटोक्यात येते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कड्यावर जाण्याआधी हार्नेसमध्ये लटकून बघायला मिळायलाच हवं. एखाद्या कमी उंचीच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर वर, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या वेळी मी ज्यांच्याबरोबर गेले त्यांनी हेच केलं. आधी सगळं सामान हातात दिलं. कॅराबिनरवर (दोरी अडकवायच्या धातूच्या कडीवर) कोरलेला आकडा वाचायला लावला: 22 किलोन्यूटन, म्हणजे दोन हजार किलोच्या वर भार. स्क्रू फिरवून बंद करायला लावला, दाबून बघायला लावला. मग म्हणाले, बसा. हार्नेसचे पट्टे मांड्यांना घट्ट आवळले, दोरी करकरली, आणि पाय जमिनीवरून उचलले तरी मी तिथेच होते. खुर्चीत बसल्यासारखी. डोक्याला जे कितीही सांगून पटलं नव्हतं ते मांड्यांना पटलं.

सगळ्यात अवघड ते पहिलं पाऊल. शरीर म्हणतं खडकाला चिकट, सरळ उभी राहा. तसं केलं की बूट घसरतात आणि गुडघे, तोंड खडकावर आपटतं. बूट खडकावर सपाट टेकायला हवेत, म्हणून मागे रेलायचं, पाय खांद्याइतके फाकवायचे, आधी बूड खाली जाऊ द्यायचं. एवढं जमलं की पुढचं पुष्कळ सोपं जातं, हे मी मनापासून सांगते. त्या वेळी माझी नजर समोरच्या खडकावर होती. काळ्या दगडात पांढरी टिकलीएवढी गारगोटी, तिच्या बाजूला सुकलेलं शेवाळ. मग पुढची गारगोटी. खाली मी मधेच बघितलं, कारण बघावंसं वाटलं. भीती होती, पण सोसवत होती.

आणि हे जमलं त्याचं मोठं कारण म्हणजे त्या प्रशिक्षकांनी वरच सांगितलं होतं, "ताई, 'नको' म्हणालात की तिथेच थांबवणार, वर घेणार, कोणी काही विचारणार नाही." नको म्हणायची मुभा होती म्हणून मला हो म्हणता आलं. देणगीदारांना मी आधीच कळवलं होतं, आणि माइक नव्हता.

आयोजकांना हे विचारा. तुमच्या मुख्य दोरीशिवाय वेगळी सुरक्षेची दोरी, म्हणजे बिले, आहे का, आणि ती धरणारा माणूस फक्त तेवढंच काम करतो का? दोरी एकाच झाडाला बांधणार की दोन वेगळ्या अँकरना, म्हणजे पक्क्या आधारांना? पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी आदल्या दिवशी सराव आहे का? मधे अडकलो तर वर किंवा खाली कसं घेणार? वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी काढलीय का? जो आयोजक या प्रश्नांना वैतागतो त्याच्याकडे जाऊ नका. हे माझं मत आहे, कोणाला टोकाचं वाटेल, पण मी बदलणार नाही.

जाता जाता: त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल लावू नका. आपल्याकडच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. वर मोहोळ दिसलं तर जागा बदलायला सांगा. बायका असतील तर ओढणी घरी, केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, मंगळसूत्र काढून ठेवलेलं बरं, कारण दोरी ज्यातून सरकते त्या डिसेंडरमध्ये काहीही ओढलं गेलं तर सोडवणं कठीण. ब्रेकच्या हाताला चामड्याचा हातमोजा घाला.

वहिनींना हे सगळं वाचायला द्या. त्यांची काळजी रास्त आहे, आणि सुरक्षेच्या दोरीबद्दल आयोजक काय म्हणाले हे त्यांनाही कळायला हवं. रविवारी सकाळी आम्ही जावा-जावा बहुतेक अजिंक्यताऱ्यावर असतो. कराडहून दोघं येणार असाल तर आदल्या दिवशी इथे लिहा, सोबत बसू. देणगीदारांना मेसेज मात्र आजच टाका, रविवारची वाट बघू नका.