न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियातल्या ग्रीक हॉटेलांत शाकाहारी माणसाला पोटभर जेवण मिळेल का?

हो, नक्की मिळेल. फक्त मुख्य पदार्थांकडे न जाता सुरुवातीच्या छोट्या पदार्थांतून जेवण जमवा. ऑर्थोडॉक्स ग्रीकांच्या उपासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे डाळी-भाज्या त्यांच्या घरच्या स्वयंपाकातल्याच. मी ॲस्टोरियातल्याच डिटमार्स बुलेव्हार्ड या रस्त्याच्या परिसरात नेहमी जेवतो, तिथे हे मागवा:

- फावा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेल. ब्रेडशी अप्रतिम!
- गिगांतेस: टोमॅटोच्या रश्शात शिजून मऊ झालेल्या राजम्यासारख्या मोठ्या पांढऱ्या बिया
- होर्ता: उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून

मात्र तारामासालाता चटणीसारखी दिसली तरी त्यात माशांची अंडी असतात. द्राक्षाच्या पानांत सारण गुंडाळून केलेल्या डोल्माद्यांतही कधी खिमा असतो, तेव्हा आधी विचारा.