पेशंट मोबाइलला विचारून येतात, मग डॉक्टरांनी काय करायचं?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, सत्तरी तालुक्याच्या हद्दीजवळ दवाखाना चालवणारे एक फॅमिली डॉक्टर समुपदेशनाला आले ते झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीपुढचं, दवाखाना वडिलांपासूनचा. रोजचे 60-65 पेशंट होते, ते वर्षभरात 45 वर आले. जे येतात त्यांतले बरेच जण खुर्चीत बसताच मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटचं उत्तर पुढे करतात, ‘ह्यात असं म्हटलंय, डॉक्टर.’ मुलगी बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला रेडिओलॉजी करायची आहे. ‘एक्स-रे तर आता मशीनच वाचणार’ म्हणून यांचा विरोध, आणि त्यावरून बापलेकीत अबोला. पाच वर्षांनी आपल्याला कोण विचारणार, हा घोर आज अनेक डॉक्टरांना आहे. म्हणून या प्रकरणात काय केलं ते जरा तपशिलात.

‘डॉक्टरांची गरज राहणारच’ असा धीर देणं सोपं असतं, पण तो घरी पोहोचेपर्यंतही टिकत नाही. आधी पाहावं लागतं की भीतीला रोजचं खाद्य कुठून मिळतंय. इथे ते रात्री साडेअकराला मिळत होतं. जेवणं आटोपली की डॉक्टर दिवसातली अवघड केस चॅटबॉटमध्ये टाकत आणि त्याला निदान जमतंय का ते बघत. बहुतेकदा जमायचं. मग दुसरी केस, तिसरी, आणि एक-दीड वाजेपर्यंत डोळा नाही.

ते काय लिहीत होते तेही बघितलं. ‘पुरुष, 55 वर्षे, मधुमेह, दोन तासांपासून छातीत दाब, घाम, ईसीजीत अमुक बदल.’ यात निदानाचं निम्म्याहून जास्त काम त्यांनीच करून दिलं होतं. पाखडून, खडे वेचून दिलेला तांदूळ कोणीही शिजवेल. तोच पेशंट दवाखान्यात शिरला तेव्हा एवढंच म्हणाला होता, ‘माका मात्शें बरें दिसना, गॅस झाला असणार.’ घाम आल्याचं त्यानं सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना तो कपाळावर दिसला होता.

म्हणून प्रयोग उलटा करायला सांगितला. आठवडाभर, रोज तीन पेशंट. पेशंटचं पहिलं वाक्य जसंच्या तसं, तपासायच्या आधी, नाव-गाव-फोन काहीही न घालता चॅटबॉटला द्यायचं. कागदावर तीन रकाने: त्याने काय विचारलं, मी काय विचारलं, मला त्याचा उपयोग कुठे झाला. वेळ दुपारी जेवणानंतरची 20 मिनिटं. रात्री नऊनंतर हा विषय बंद. तिसरा रकाना डॉक्टरांना नको होता, पण आम्ही आग्रह धरला, कारण तो नसेल तर हा प्रयोग स्वतःची समजूत काढण्यापुरताच उरतो.

त्या कागदावरच्या दोन नोंदी सांगण्यासारख्या आहेत. मार्च महिना, तापाचा पेशंट. चॅटबॉटने फ्लू, डेंगी, मलेरिया सांगितलं, चूक काहीच नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘काजूच्या बागेत जाता का? मेलेलं माकड दिसलं का कुठे?’ सत्तरीत 2015 साली माकडतापाची साथ आली होती आणि तो ताप गोचिडीतून येतो. त्या भागातल्या डॉक्टरच्या तोंडी काजूच्या हंगामात हा प्रश्न आपसूक येतो. बागेचा उल्लेख केल्यावर चॅटबॉटनेही माकडतापाचं नाव घेतलं. माहिती त्याच्याकडे होती, पण ती बाहेर काढणारा प्रश्न डॉक्टरांचा होता. दुसरी नोंद याच्या उलट. कोरडा खोकला जात नव्हता आणि पेशंट रक्तदाबासाठी रॅमिप्रिल घेत होता. त्या गोळीने असा खोकला येऊ शकतो, हे चॅटबॉटने आधी सुचवलं. डॉक्टर हलले. पण तिसऱ्या रकान्यात त्यांनी ते लिहिलं, आणि पुढच्या भेटीत त्यांचा सूर बराच खाली आला होता.

हाच फरक एका अभ्यासातही दिसतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1,298 सामान्य लोकांना आजाराचे काल्पनिक प्रसंग दिले. पूर्ण माहिती थेट दिली तेव्हा चॅटबॉटमागच्या एआय मॉडेलांनी 94.9 टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. लोकांनी तीच मॉडेलं स्वतः वापरली तेव्हा हे प्रमाण 34.5 टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे चॅटबॉट न वापरणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं नाही. लोक अर्धवट सांगतात आणि मिळालेल्या उत्तरातलं नेमकं काय धरायचं हे त्यांना कळत नाही. फॅमिली डॉक्टरची कमाई याच दरीवर आहे.

आता पोटाचा प्रश्न. पेशंट कमी झाले ते चॅटबॉटमुळेच, हे डॉक्टरांनी धरून चाललं होतं. मागच्या आणि या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या नोंदवह्या काढून चार गठ्ठे केले: पहिल्या-दुसऱ्या दिवसाची सर्दी-ताप, फक्त रिपोर्ट दाखवायला आलेले, बीपी-शुगरचे नेहमीचे, आणि हात लावल्याशिवाय भागत नाही असे, म्हणजे जखमा, पोटदुखी, धाप, तान्ही मुलं. घट जवळजवळ सगळी पहिल्या गठ्ठ्यात निघाली. मग दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी येणं थांबवलेल्या जुन्या पेशंटांना फोन केले. ‘चॅटबॉट वापरता का’ असं विचारलं तर लोक बिचकतात किंवा डॉक्टरांना बरं वाटेल ते सांगतात. म्हणून प्रश्न ठेवला, ‘मागच्या तापाला काय केलंत?’ कोणी फार्मसीतून गोळी घेतली, कोणी सरकारी आरोग्यकेंद्रात गेलं, कोणी जवळच्या नव्या हॉस्पिटलात. मोबाइलच्या भरवशावर राहिलेले मोजके होते.

तरीही खोटी आशा दाखवायची नाही. साध्या सर्दीचे पेशंट आणि ‘रिपोर्टात हे लाल का आहे’ विचारणारे आणखी कमी होतील. अ‍ॅपवर दर चॅटमागे पैसे मिळणाऱ्या तरुण डॉक्टरांना याची झळ सगळ्यांत आधी बसेल असं आम्हांला वाटतं, कारण त्यांच्या कामात पेशंटला हातच लागत नाही. कायद्याचा आधार आहे: 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही किंवा औषध लिहून द्यायचं नाही, तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचा, एआय त्याच्या मदतीला चालेल. पण घरी बसून कोणी मोबाइलला विचारत असेल तर ते या नियमाने थांबत नाही.

खरी अडचण फीच्या रचनेत होती. तपासणी आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळून एकच रक्कम, रिपोर्ट बघणं फुकट, फोनवरचा सल्ला फुकट. पेशंटच्या मनात पैसे गोळ्यांचे होते. डॉक्टरांनी तपासणी फी वेगळी केली, पण एका सोमवारी अचानक, आणि जुन्या पेशंटांशी खटके उडाले. ते मागे घेऊन महिनाभर आधी फलक लावला, ज्येष्ठांना जुनाच दर ठेवला. मग कुरकुर झाली नाही. मधुमेहाच्या पेशंटांना ठरलेली वेळ दिली: दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), दर भेटीत रक्तदाब, वर्षातून एकदा 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक धाग्याने) पायांची संवेदना, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. फेरतपासणीचा फोनवरचा सल्ला पावती देऊन फी घेऊन करता येतो, तोही सुरू केला.

मोबाइल पुढे करणाऱ्या पेशंटशी कसं बोलायचं, याचा तर सरावच करून घेतला. आधी ते सगळं वाचायचं, एक मिनिट लागतं. मग, ‘याला तुम्ही काय सांगितलं होतं?’ मग तपासणी. त्यानंतर त्यातलं बरोबर काय, आणि तुम्हांला लागू नाही ते काय आणि का, हे केसपेपरवर लिहून द्यायचं. हसायचं अजिबात नाही. एकदा हसलात की पुढच्या वेळी पेशंट लपवतो, आणि लपवलेलं महागात पडतं. चॅटबॉटशी बोलून खाण्याच्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड घेणारा 60 वर्षांचा अमेरिकन गृहस्थ भ्रमाच्या अवस्थेत हॉस्पिटलात पोहोचला. ही केस 2025 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. आपण काय घेतोय हे त्याने सुरुवातीला सांगितलंच नव्हतं.

मुलीच्या बाबतीत बापाला एकच काम दिलं, तिच्या विभागातल्या सीनियरचा दिवस कसा जातो ते तिच्याकडून ऐकून घ्यायचं, मध्ये न बोलता. एआयचे संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत मशीन त्यांना मागे टाकेल. ती पाच वर्षं केव्हाच सरली. क्षयरोग तपासणीत एक्स-रे वाचायला सॉफ्टवेअर आलं, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला मान्यताही दिली. पण सोनोग्राफीचा प्रोब हातात धरणं, सुईने नमुना घेणं, रात्री अपघाताचा सीटी पाहून सर्जनला फोन करणं हे माणसाकडेच आहे. गरोदर बाईची सोनोग्राफी तर 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे पात्र डॉक्टरनेच, फॉर्म एफ भरून करायची असते. निर्णय मुलीचा आहे, तो अजून झालेला नाही. बोलणं सुरू झालं आहे.

पेशंट 45 च्या आसपासच आहेत, 60 परत आलेले नाहीत. उत्पन्न मात्र जवळपास पूर्वीइतकं झालं आहे. झोप साडेअकराला लागते, अधूनमधून मोडते. हीच धास्ती असलेल्या डॉक्टरांची झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, पेशंटवर चिडचिड होत असेल, किंवा झोपेसाठी स्वतःच गोळी लिहून घ्यायची वेळ आली असेल, तर आधी नोंदवही बाजूला ठेवा आणि मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि तो डॉक्टरांसाठीही आहे.