रेंज गेली म्हणून फोन बदलायचा का?

मोबाइलविषयीच्या पत्रांत या वेळी दोन तक्रारी जास्त आल्या: कंपनी दाद देत नाही, आणि दुकानदार म्हणतो नवा फोन घ्या. पुष्कळदा दुखणं एकीकडे असतं आणि खर्च दुसरीकडे होतो. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : घर जांभ्या दगडाचं, वर पत्रा. अंगणात फोन छान लागतो, माजघरात गेलं की कट होतो. कस्टमर केअर म्हणतं हँडसेट जुना आहे, ५जी घ्या. फोन चार वर्षांचा आहे. घ्यावा का? (चिपळूण)

एवढ्याच कारणासाठी घेऊ नका. अंगणात फोन लागतो, म्हणजे सिम आणि अँटेना बहुधा धड आहेत. आड येतात त्या जाड भिंती आणि पत्रा. धातूच्या पत्र्यातून लहरी जवळजवळ जात नाहीत, परावर्तित होतात. ५जीने हे सुटेल असं मानू नका. आपल्याकडचं बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि पट्टा जितका वरचा, तितकी भिंतीतून शिरण्याची ताकद कमी. त्याहून बराच खालचा, भिंतीला दाद न देणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२च्या लिलावात फक्त जिओने घेतला. त्याचा उपयोग हवा तर फोनला ‘एन२८’ बँड असावा लागतो आणि तुमच्या टॉवरवर तो चालू असावा लागतो. शिवाय ५जी फोन घेतला तरी बोलणं पुष्कळ वेळा ४जीवरूनच जातं.

दोष कुणाचा हे ठरवायला अर्धा तास पुरतो. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि माजघरात त्याच जागी उभं राहून फोन लावा. मग उलट करा, तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घाला. तुमचं सिम दोन्ही फोनांत रडत असेल आणि दुसऱ्या कंपनीचं नीट चालत असेल तर दोष नेटवर्कचा. तुमच्या फोनमध्ये कुठलंच सिम चालत नसेल आणि दुसऱ्या फोनमध्ये दोन्ही चालत असतील तरच हँडसेटकडे बोट दाखवा. सिम खूप जुनं असेल, किंवा मोठं सिम कापून बारीक केलेलं असेल, तर आधी कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) जाऊन ते बदलून घ्या.

आता आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ, म्हणजे लहरींची ताकद, डीबीएम या एककात दिसते. काही फोनांत ही पाटी ‘स्टेटस’च्या आत असते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. आकडा उणे असतो: ४जीवर -९० किंवा त्याहून बरा (शून्याच्या जवळचा) असेल तर काळजी नाही, -१०५च्या पुढे आवाज तुटायला लागतो, -११५च्या आसपास फोन कट होऊ शकतो. दहा डीबीचा फरक म्हणजे ताकद दहा पटींनी कमी. अंगण, ओटी, माजघर असे तीन आकडे सकाळी आणि रात्री लिहून ठेवा. वर दिसणाऱ्या काड्यांवर विसंबू नका. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनकंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

घरात ब्रॉडबँड असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर ते चालू करा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि समोरच्याकडे वाय-फाय असण्याचीही गरज नसते. चार वर्षांच्या बहुतेक फोनांत ही सोय आहे. बाजारात मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ मात्र आणू नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदेशीर आहे आणि त्याच्या गोंगाटाने आळीतल्या इतरांचे फोनही बिघडतात.

प्रश्न : न मागितलेली कॉलर ट्यून चालू झाली आणि बॅलन्समधून ४५ रुपये गेले. फोन केला की ‘पाहतो’ म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. वर कुणाकडे जायचं? (सिन्नर)

आधी गळती थांबवा. १५५२२३ या नंबरवर इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून एसएमएस पाठवा. हा नंबर सगळ्या कंपन्यांना समान आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. चालू असलेल्या सेवांची यादी उत्तरात येते, त्यातून नको ती बंद करायची.

मग तक्रार, आणि ती १९८वर. प्लॅनची माहिती द्यायचे जे नंबर असतात तिथे केलेली बडबड तक्रार म्हणून नोंदली जाईलच असं नाही. १९८वर बोलताना पहिल्या मिनिटात डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागा. तो एसएमएसनेही यायला हवा. नंबर मिळाला नाही तर तक्रार झालीच नाही असं समजा. सिन्नरच्या पत्रात नेमकी हीच कडी सुटलेली दिसते: चार वेळा बोलणं झालं, नंबर एकही नाही.

बोलताना राग गिळून तीनच गोष्टी सांगा: कोणत्या तारखेला किती पैसे गेले, कोणती सेवा, आणि ‘मी दिलेल्या दुसऱ्या संमतीचा पुरावा दाखवा’. कॉलर ट्यूनसारख्या मूल्यवर्धित सेवा चालू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची, असा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) नियम २०१३पासून आहे. पहिली संमती चुकून बटण दाबल्याने गेली म्हणता येईल, दुसरी त्यांना दाखवावी लागते. आणि पुरावा तुमच्या हाती हवा असेल तर प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते. हे गॅलरीतल्या मुलांना बऱ्याचदा ठाऊक नसतं, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पैशांच्या तक्रारींना चार ते सहा आठवडे लागू शकतात. मुदत उलटली किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर ‘अपेलेट अथॉरिटी’ या नावाखाली असतो. फी नाही. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलात डॉकेट नंबर नसेल तर ते तिथेच अडतं.

ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, नंबर १०६३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर मराठीतही बोलता येतं. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगेल. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला आहे: चालतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण ४५ रुपयांसाठी आयोगाची पायरी चढण्यात अर्थ नाही. अपिलाच्या पत्रात त्याचा उल्लेख मात्र जरूर करा.

याला जोडून आलेला एक प्रश्न: जिल्हाभर नेटवर्क गेलं तर भरपाई मिळते का? बिघाड २४ तासांच्या वर गेला तर पोस्टपेडला त्या दिवसांचं भाडं कमी करायचं आणि प्रीपेडची मुदत तेवढी वाढवायची, हा नियम १ एप्रिल २०२५पासून आहे. एकाच आळीतला टॉवर बंद पडला तर तो लागू होत नाही.

प्रश्न : आईकडे बटणांचा फोन आहे. दर २८ दिवसांनी डेटासकट रिचार्ज मारावा लागतो. डेटाचं ती काय करणार? (मंगळवेढा)

नुसता बोलणं आणि एसएमएसचा प्लॅन मागा. ट्रायच्या डिसेंबर २०२४च्या आदेशाने कंपन्यांना तो ठेवावाच लागतो आणि मुदतही आता ३६५ दिवसांपर्यंत देता येते. तो ॲपच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाही, ‘व्हॉइस’ असा शोध घ्या. २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. एक तरी प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा असायलाच हवा, तोही विचारून पाहा.

प्रश्न : पुण्याहून डोंबिवलीला बदली झाली. नंबर पोर्ट करावा लागेल का? कंपनीही बदलायची आहे. (डोंबिवली)

गाव बदललं म्हणून पोर्ट करायची गरज नाही. मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग, म्हणजे सर्कल, पाडले आहेत त्यांत पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आणि डोंबिवली मुंबई सर्कलमध्ये येते, पण नंबर दोन्हीकडे तसाच चालतो. कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत ‘पोर्ट’, एक मोकळी जागा आणि आपला दहा अंकी नंबर असं लिहून १९००वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या आत नव्या कंपनीकडे ओळखपत्र घेऊन जा. त्याच सर्कलमध्ये तीन आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामाचे दिवस लागतात.

कोड मिळत नाही याची कारणं ठरलेली आहेत. या कंपनीत अजून ९० दिवस झाले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, किंवा सात दिवसांच्या आत सिम बदललंय. शेवटचा नियम जुलै २०२४चा आहे, सिम चोरून नंबर पळवणाऱ्यांना रोखण्यासाठी. म्हणून सिम बदलणं आणि पोर्ट एकाच आठवड्यात काढू नका. उरलेला बॅलन्स आणि मुदत नव्या कंपनीकडे जात नाही, तेव्हा वर्षाचा रिचार्ज असेल तर तो संपत येईपर्यंत थांबा. पोर्टच्या दिवशी काही तास दोन्ही सिम मुकी राहतात. त्या दिवशी बँकेचा ओटीपी लागणारं काम ठेवू नका.

प्रश्न : तीन वर्षांचा फोन हळू झालाय. दुकानदार म्हणतो जुना द्या, नवा २४ हजारांचा ‘नो कॉस्ट’ (बिनव्याजी) हप्त्यावर घ्या. फायद्याचं आहे का? (लातूर)

हळू होण्याची दोन कारणं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा सापडतात. एक, साठवण भरलेली. १२८ जीबीपैकी १२० भरलं की फोन प्रत्येक लहान कामाला जागा शोधत बसतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा, गटांत आलेले व्हिडिओ काढून टाका आणि किमान १५ टक्के जागा मोकळी ठेवा. दुसरं, बॅटरी. लिथियमची बॅटरी काही शे चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. दमलेल्या बॅटरीला एकदम जोर लावता येत नाही, म्हणून आयफोनसारखे काही फोन अचानक बंद पडू नयेत यासाठी प्रोसेसरचा वेग स्वतःच कमी करतात. आयफोनमध्ये आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइडमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसते. ८०च्या खाली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदला. मागचं झाकण उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, टोचू नका.

यानंतरही निर्णय होत नसेल तर सेटिंग्जमधली सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची) तारीख बघा. ती वर्षापेक्षा जुनी असेल, कंपनीने पुढचे अपडेट बंद केले असतील आणि फोनवरून बँक आणि यूपीआय चालत असेल, तर नवा घ्या. हे कारण कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा शंभर पट खरं आहे. निवडतानाही आधी अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४पासून त्या दोन कंपन्यांनी वरच्या फोनांना सात वर्षांचं वचन दिलं आहे, स्वस्त फोनांत ते बरंच कमी असतं. केवळ ५जीच्या वेगासाठी घेत असाल तर चालू रिचार्ज तपासा. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर देऊ लागले. म्हणजे फोनबरोबर दरमहाचा खर्चही वाढू शकतो.

आता ‘नो कॉस्ट’चा हिशेब. २४,००० रुपये, सहा हप्ते, दरमहा ४,०००. बँकेचा व्याजदर वर्षाला १६ टक्के धरला तर व्याज सुमारे १,०८० होतं. दुकान तेवढी सूट देऊन ते झाकतं. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १९५ रुपये, तुमच्याच कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे फुकटाचे ४३० रुपये झाले. रोखीने घेतलं तर किती सोडाल हे आधी विचारा. रोख सूट याहून मोठी निघाली तर हप्त्याचा विषय संपला. जुन्या फोनच्या ‘एक्स्चेंज’ची रक्कमही वेगळी लिहून घ्या, नाहीतर एक्स्चेंज बोनस आणि बँकेची सूट एकात मिसळून आकडा फुगवलेला असतो.

प्रश्न : ओळखीच्या माणसाकडून वापरलेला फोन घेतोय. चोरीचा नाही हे कसं कळेल? (सावंतवाडी)

*#०६# डायल करा, १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. इंग्रजीत ‘केवायएम’, मोकळी जागा आणि तो आकडा असं लिहून १४४२२ला एसएमएस करा. सरकारच्या संचार साथी ॲपमध्येही हे बघता येतं. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असं आलं तर फोन परत द्या. आकडा बिलाशी आणि खोक्याशी जुळतो का तेही पाहा. दोन सिमच्या फोनला दोन आकडे असतात, दोन्ही तपासा. पैसे देण्याआधी मालकाला आपलं गुगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा. नुसता फॅक्टरी रिसेट केलेला फोन पुढच्या वेळी जुन्याच मालकाचा पासवर्ड मागतो.