माळ्यावरचे पिवळे बल्ब ठेवा, देवघरातला मात्र आधी बदला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वडिलांनी माळ्यावर दोन डझन जुने, तारेचे पिवळे बल्ब जमवून ठेवलेत. युरोप-अमेरिकेत बंदी आली, उद्या आपल्याकडेही येईल, असं ते म्हणतात आणि घरात एलईडी लावू देत नाहीत. हा म्हातारपणाचा हट्ट की त्यात काही तथ्य आहे, असं तुम्ही विचारलंय.

इंदुरात ३८ वर्षं मी मोटर वाइंडिंग आणि घरगुती उपकरणांची दुरुस्ती केली. आता दुकान मुलाकडे आहे. घर उजळायला एलईडीच घ्यावा, यात मला तिळभर शंका नाही. पण पिवळा बल्ब बाजारातून कायद्यानं हटवायचा, याला तुमच्या वडिलांचा विरोध असेल तर मी त्यांच्या बाजूनं उभा आहे.

आधी बिलाचं बोलतो, कारण तिथे वडील हरतात. ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास जळला तर वर्षाला साधारण ११० युनिटं जातात. ९ वॉटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर १६-१७ युनिटं, आणि उजेड उलट थोडा जास्तच. युनिटला ७ रुपये धरले तरी एका दिव्यामागे वर्षाला साडेसहाशे रुपये वाचतात. बल्बमध्ये गेलेल्या विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. मे महिन्यात पंखा गरम हवा फेकत असताना डोक्यावर ६० वॉटची शेगडी कशाला हवी?

पण त्याआधी देवघरातला तो लाल झिरोचा बल्ब बघा. नाव झिरो, पण तो साधारण १५ वॉटचा असतो. चोवीस तास जळला की वर्षाला १३१ युनिटं. म्हणजे हॉलमधल्या ६० वॉटच्या दिव्यापेक्षा जास्त! माझ्या आईच्या देवघरात तो कितीतरी वर्षं अखंड जळत होता आणि मी स्वतः वीजकाम करणारा माणूस असून एकदाही हिशेब केला नाही. तिथे अर्ध्या वॉटचा एलईडी लावला तर वर्षाला साडेचार युनिटंही लागत नाहीत. वडील बाकी काही बदलू देत नसतील तर निदान एवढा बदलू द्या म्हणावं.

आता त्यांची बाजू. पिवळा बल्ब हा फक्त दिवा आहे असं धरून जगभर कायदे झाले. आमच्या धंद्यात तो हत्यार आहे. इंदुरातल्या कोणत्याही वाइंडिंगवाल्याच्या, टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरवाल्याच्या टेबलावर एक लाकडी फळी दिसेल, तिच्यावर होल्डर, होल्डरमध्ये १०० वॉटचा बल्ब, बाजूला एक सॉकेट. आम्ही त्याला सिरीज बोर्ड म्हणतो. दुरुस्तीला आलेली वस्तू थेट लाइनवर लावायची नाही, आधी या बल्बमधून वीज द्यायची. वस्तू आतून शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि तिथेच काम थांबतं. फ्यूज उडत नाही, नवीन घातलेला पार्ट जळत नाही. सर्किट तुटलेलं असेल तर बल्ब पेटतच नाही. छताचा पंखा ठीक असेल तर बल्बची तार नुसती लालसर होते आणि पंखा सावकाश फिरतो. टीव्हीचा पॉवर सप्लाय चांगला असेल तर बल्ब क्षणभर चमकतो, कारण आतला कपॅसिटर भरत असतो, आणि मग विझल्यासारखा होतो. ती एक चमक बघून आमचे उस्ताद न उघडता सांगायचे की दोष कुठे आहे.

हे घडतं बल्बची तार ज्या धातूची असते त्या टंगस्टनच्या स्वभावामुळे. थंड असताना १०० वॉटच्या बल्बचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मल्टिमीटरवर ४० ओहमच्या आसपास येतो. पूर्ण पेटला की तोच ५२९ ओहम होतो. करंट वाढला की तार तापते, तापली की स्वतःच करंटला आवर घालते. डेड शॉर्ट असला तरी, तार तापेपर्यंतचा पहिला क्षण सोडला तर, ०.४३ अँपिअरच्या वर काही जात नाही. दहा-वीस रुपयांत असा रक्षक दुसरा मिळत नाही. एलईडी बल्ब सिरीजमध्ये लावून बघा. त्याच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे वीज सांभाळणारं छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज निम्मं झालं तरी उजेड तसाच ठेवायला धडपडतो, नाहीतर बल्ब फडफडतो. त्यावरून काही वाचता येत नाही.

वाचायलाही शिकावं लागतं, हेही सांगतो. १००० वॉटची चांगली इस्त्री लावली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण तिचा स्वतःचा रेझिस्टन्स ५३ ओहमच आहे. नवखा पोरगा तिला शॉर्ट समजून परत करतो. आणि एक गोष्ट कधी विसरू नका: सिरीज बोर्ड वस्तू वाचवतो, माणसाला वाचवत नाही. ०.४३ अँपिअर जीव घ्यायला पुरून उरतो. वस्तूच्या बॉडीला वीज चालू असताना हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि तिथे घरातल्या बायकांचं मत माझ्यापेक्षा पक्कं असतं. मुलीच्या लग्नात महेश्वरी साडी घेतली, दुकानात पांढऱ्या एलईडीखाली ती विटकरी दिसली. घरी आणून उन्हात धरली तर चांगली डाळिंबी निघाली. सुदैवानं तीच आवडली, पण विटकरी हवी असती तर? तापलेल्या तारेच्या उजेडात सूर्यासारखे सगळे रंग सलग असतात, लाल तर भरपूर. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा थर असतो, त्यामुळे स्वस्त मालात गडद लाल मार खातो. खोक्यावर रंग-अचूकतेचा आकडा (सीआरआय) ८० लिहिलेला असतो, पण तो आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. कुंकू, डाळिंब, तांबडी काठाची साडी, माणसाच्या गालाचा रंग, सगळं किंचित मेलेलं दिसतं ते यामुळे. ९० च्या वरचे एलईडी मिळतात, थोडे महाग पडतात, पण स्वयंपाकघरात आणि आरशासमोर तेच लावावेत. उलट बाजूही खरी आहे: पिवळ्या बल्बखाली गडद निळा आणि काळा ओळखता येत नाही. आमचे वडील त्या उजेडात एक मोजा काळा आणि एक निळा घालून कामावर गेलेले मला आठवतात.

बाहेरच्या देशांत जो विरोध झाला तो या आणि अशाच गोष्टींवरून झाला. युरोपात १ सप्टेंबर २००९ पासून आधी १०० वॉटचे आणि सगळे दुधी बल्ब गेले, २०१२ पर्यंत बाकीचे. तेव्हा एलईडी घराघरात पोचलेला नव्हता, हातात आला तो सीएफएल, पोटात पारा असलेला. प्रकाशानं त्वचेला त्रास होणारे काही रुग्ण असतात, त्यांनी तक्रार केली की या दिव्यांतल्या अतिनील किरणांनी आमचा त्रास वाढेल. युरोपीय आयोगाच्याच वैज्ञानिक समितीनं २००८ मध्ये ती शक्यता मान्य केली आणि अशा सुमारे अडीच लाख लोकांना धोका असू शकतो असं लिहिलं. म्हणजे ओरडणारे सगळेच अडाणी नव्हते. जर्मनीत झीगफ्रीड रोटहॉयझर नावाच्या अभियंत्यानं २०१० मध्ये तेच बल्ब ‘हीटबॉल’ नावानं, छोटी शेगडी म्हणून विकायला काढले. वीज उष्णतेत जाते म्हणता ना, मग उष्णता म्हणूनच घ्या, असा त्याचा निषेध होता. कस्टमनं त्याचा माल अडवला. अमेरिकेत २००७ ला कायदा झाला, पण वॉटला किमान ४५ ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) ही अट प्रत्यक्ष लागू व्हायला १ ऑगस्ट २०२३ उजाडला, आणि तिथेही भट्टीतले, फ्रिजमधले बल्ब वगळावे लागले. कायदा करणाऱ्यांनाही शेवटी कळलं की २५० अंशाच्या भट्टीत एलईडी टिकत नाही.

आपल्याकडे काय झालं ते बघा. सरकारी खरेदीत एलईडीचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, दोन वर्षांत तो ३८ वर आला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी देणाऱ्या सरकारी उजाला योजनेत कोट्यवधी बल्ब वाटले गेले आणि लोकांनी स्वतःहून पिवळे काढून टाकले. माझ्या दुकानात महिन्याला शेकड्यानं खपणारे ६० वॉटचे बल्ब डझनावर आले. कुणावर सक्ती करावी लागली नाही. केरळनं २०२० च्या अर्थसंकल्पात बल्ब आणि सीएफएलच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, पण मला तो मार्ग पटत नाही. ज्यांना फक्त उजेड हवा होता ते आधीच एलईडीकडे गेलेत. आता पिवळा बल्ब घेणारा बहुतेक माझ्यासारखा कारागीर असतो, किंवा इंदूरजवळच्या महूकडच्या गावात शंभर-दोनशे पिल्लं बल्बच्या उबेत वाढवणारा कुक्कुटपालक. बंदीचा दंड त्याच्या गळ्यात पडतो आणि वाचणारी वीज नगण्य असते.

वडिलांची एक तक्रार मी शंभर टक्के मान्य करतो: एलईडी खोक्यावर लिहिल्याइतका टिकत नाही. २५,००० तास लिहितात, ते चिपचं आयुष्य असतं. मी शेकडो उघडलेत. बहुतेकांत ड्रायव्हरचा कपॅसिटर फुगलेला असतो, किंवा सिरीजमधल्या एका चिपवर काळा ठिपका पडून सगळी साखळी बंद होते. बंद काचेच्या डोममध्ये लावला की उष्णता कोंडून तो लवकर मरतो. घेताना मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यानं दिव्याकडे बघा. पट्टे सरकताना दिसले तर तो फडफडतो आहे, दुसरा मागा. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर तर असा दिवा अजिबात नको.

तर दोन डझन बल्बांचं काय करायचं? १०० वॉटचे चार आणि ६० चे दोन ठेवा, घरात दुरुस्तीची हौस असेल तर २०० वॉटचा एक आणा. बाकीचे ओळखीच्या मेकॅनिकला द्या, तो दुवा देईल. पुन्हा लागले तर इंदुरातल्या महाराणी रोडवर अजून मिळतात. तिथे दुकानदार होल्डरवर लावून दाखवतो, तरी हातात घेतल्यावर कानाजवळ धरून हळूच हलवा. तार तुटलेली असेल तर आत टिणटिण वाजते, आणि माळ्यावरच्यांपैकीही दोन-तीन तसे निघतील.