पापभीरू : भय कशाचं, पापाचं की नरकाचं?

सोलापुरातल्या एका कॅथलिक वाचकाने विचारलं आहे : 'फादर प्रवचनात म्हणाले, पापभीरू व्हा. पापभीरू म्हणजे नरकाला घाबरणारा ना? मग देव प्रेम आहे, या शिकवणुकीचं काय? आणि नुसत्या नरकाच्या भीतीने केलेलं कन्फेशन (फादरपुढे दिलेली पापांची कबुली) चालतं का?'

पापभीरू म्हणजे नरकाला घाबरणारा नव्हे. भित्रा तर नव्हेच नव्हे. लग्नाच्या बोलणीत हमखास ऐकू येतं, 'मुलगा अगदी पापभीरू, वर मान करून बोलायचा नाही.' अशाला बुजरा म्हणा, भिडस्त म्हणा, मुखदुर्बळ म्हणा. मराठीत शब्दांची ददात नाही. पापभीरू माणूस वेळ आली तर मालकाला तोंडावर सांगतो, 'हे खोटं बिल मी फाडणार नाही.' त्याला भय त्या खोट्याचं असतं, मालकाचं नसतं.

शब्दाची खरी गंमत व्याकरणात आहे. 'भी' धातूला पाणिनी 'क्रु' प्रत्यय लावतो (त्यातला 'रु' तेवढा उरतो), आणि तो लावतो ताच्छील्याच्या प्रकरणात, म्हणजे अंगी मुरलेला स्वभाव सांगायला. एखाद्या प्रसंगी भ्यायला तो भीत. ज्याची वृत्तीच तशी तो भीरू. समास पंचमीचा : पापात् भीरु. संस्कृतात ज्याचं भय त्याला पंचमी लागते, 'चोराद् बिभेति'. ते अपादान, म्हणजे ज्याच्यापासून दूर व्हायचं ते. आपण 'चोराला भितो' म्हणतो, त्यामुळे हा दूर होण्याचा अर्थ आपल्या कानाआड गेला.

पाणिनीचा भाष्यकार पतंजली तर म्हणतो, भयाच्या या पंचमीसाठी वेगळं सूत्र हवंच कशाला? लांडग्यांना भिणारा विचारी माणूस मनात म्हणतो, त्यांनी मला पाहिलं तर मरण ठरलेलं. तो बुद्धीने तिथवर जातो आणि मागे फिरतो. जागचा न हलता दूर होतो. हे वाचलं की मला दर वेळी कन्फेशनच्या आधीचं आत्मपरीक्षण आठवतं. मनाने पापापर्यंत जायचं, ते नीट पाहायचं आणि परत फिरायचं. पश्चात्तापाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसने भयाची फोड अशीच केली. दासाचं भय शिक्षेचं. लेकराचं भय अपराधाचं, बापापासून तुटण्याचं. पवित्र आत्म्याच्या सात दानांत बसतं ते हे दुसरं भय, आणि दान म्हणजे त्याच्या भाषेत 'हाबितुस', मुरलेली वृत्ती. हेच आपलं ताच्छील्य! म्हणून माझं ठाम मत आहे की लेकराच्या भयाला पापभीरू यासारखा दुसरा चपखल शब्द नाही.

पापभीरू, धर्मभीरू, देवभीरू एकाच माळेत ओवणाऱ्या भाषापंडितांनी आधी समास सोडवून पाहावा. धर्मात् भीरु म्हणजे धर्मापासून पळणारा. मधे 'भंग' घुसडल्याशिवाय अर्थ लागत नाही. देवभीरूचं तर त्याहून वाईट. देवापासून पळाला तो आदाम, बागेतल्या झाडांआड लपलेला. सोलापूरकरांनी यासाठी शब्दकोश उघडायचीही गरज नाही, पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचारावं. त्यांच्या बायबलात 'येहोवायंदु भयभक्तुलु' आहे : भय आणि भक्ती जोडीने, आणि विभक्ती सप्तमीच्या अर्थाची, परमेश्वराच्या ठायी. पळायला तिथे वावच नाही. मराठी प्रार्थनांतही 'देवाच्या ठायी भय' असं म्हणायला काय हरकत आहे?

राहिला कन्फेशनचा प्रश्न. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. त्यावर संत ऑगस्टीन सांगतो : कापडात आधी सुई शिरते, ती बाहेर पडल्याशिवाय दोरा येत नाही. भय ही सुई, प्रीती हा दोरा. घरोघरी गणवेश शिवणाऱ्या या गावाला ते वेगळं समजवायला नको. सुई फेकून द्या असं मात्र तो म्हणत नाही.

प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने म्हटलं, असल्या भयाच्या पश्चात्तापाने माणूस ढोंगी होतो. ते मत पोप दहाव्या लिओने 1520 मध्ये धिक्कारलं. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने निकाल दिला : नरकाच्या भयातून आलेला पश्चात्ताप अपुरा असला तरी तोही देवाचंच दान आहे, आणि त्याने माणूस कन्फेशनमध्ये क्षमा मिळवायला तयार होतो. प्रेमातून आलेला पूर्ण पश्चात्ताप कन्फेशनच्या संस्काराच्या आधीच देवाशी समेट घडवतो, मात्र त्यात संस्काराची इच्छा धरलेली असते. अपुऱ्या पश्चात्तापातही प्रीतीचा अंश लागतो की नाही, यावर धर्मपंडित पुढेही इतके भांडले की 1667 मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरला दोन्ही पक्षांना परस्परांवर ठपके ठेवू नका असं बजावावं लागलं.

तेव्हा भीतीने गेलात तरी कन्फेशन चालतं. अटी दोनच, पाप करण्याची इच्छा सुटलेली हवी आणि क्षमेची आशा हवी. 'नरक नसता तर केलंच असतं' असं मनात धरून गुडघे टेकणारा फार तर नरकभीरू. त्याचं कन्फेशन चालत नाही.