लोकवर्गणीचा उपग्रह : पैसे द्यावेत का, आणि दिल्यावर काय करावं?

प्रश्न : एका छोट्या उपग्रहासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी सुरू आहे. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. पैसे देण्याआधी काय तपासू?

उत्तर : चकचकीत चित्रफीत बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा. उड्डाणाचा करार झाला आहे का? रेडिओ फ्रिक्वेन्सीचा अर्ज कुठवर आला? प्रत्यक्ष जोडलेल्या उपग्रहाची कंपन आणि निर्वात-तापमान चाचणी (उड्डाणाचे हादरे आणि अवकाशातली थंडी-उष्णता सोसतो का, ते बघणारी) झाली, की सगळं अजून संगणकावरच आहे? फ्रिक्वेन्सीच्या कागदपत्रांना महिनोनमहिने लागतात, आणि नवखे संघ नेमके तिथेच अडकतात.

किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लक्ष्य गाठलं नाही तर पैसे कापले जात नाहीत. गाठलं, तर ५ टक्के किकस्टार्टरचे, व्यवहार शुल्क वेगळं, शिवाय भेटवस्तूंचं टपाल. उरेल त्यात उपग्रह होतो का, हा हिशेब स्वतः मांडून बघा. २०१३ मध्ये आर्किड या अवकाश दुर्बिणीसाठी सुमारे १५ लाख डॉलर जमले. २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळून ती बनवणाऱ्या कंपनीने पैसे परत केले. असं क्वचित घडतं. दिलेले पैसे गेले असंच धरून चाला.

प्रश्न : लाइटसेल जमलं आणि किकसॅट फसलं, असं का?

उत्तर : दोन्ही लोकवर्गणीचे प्रकल्प : लाइटसेल सूर्यप्रकाशाच्या दाबावर शिडाने सरकणारा उपग्रह, किकसॅट चिमुकले उपग्रह सोडणारा. दोन्हीकडे चूक किरकोळ होती, फरक वेळेचा. २०१५ च्या लाइटसेल-१ मध्ये संदेशांची नोंद ठेवणारी फाइल वाढत वाढत ३२ मेगाबाइटच्या पुढे गेली आणि संगणक गोठला. जमिनीवरून पाठवलेल्या आज्ञा वाया गेल्या. आठेक दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू झाला (बहुधा एखाद्या वैश्विक किरणकणाची कृपा) आणि शीड उघडलं. त्या अनुभवाच्या जोरावर २३,३३१ जणांच्या १२.४ लाख डॉलरचा हातभार लागलेल्या लाइटसेल-२ ने जुलै २०१९ मध्ये ३२ चौरस मीटरचं शीड उघडून सूर्यप्रकाशाच्या दाबावर कक्षा बदलून दाखवली.

किकसॅटला ती उसंत मिळाली नाही. एप्रिल २०१४ मध्ये तो १०४ चिमुकले उपग्रह पोटात घेऊन गेला. ते उड्डाणानंतर १६ दिवसांनी सोडायचे होते. पण त्याआधीच त्याचं घड्याळ शून्यावर आलं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. थेट आज्ञा घेण्याइतकी बॅटरी चढेना, आणि १४ मेला तो वातावरणात जळाला. २०१९ मध्ये किकसॅट-२ ने मात्र काम फत्ते केलं.

प्रश्न : पैसे दिले. आता नुसती वाट बघायची?

उत्तर : अजिबात नाही. उड्डाणानंतरच्या पहिल्या आठवड्यात तुमचा कान तुमच्या वर्गणीपेक्षा मोलाचा असतो. एका रॉकेटमधून डझनावारी उपग्रह सुटतात आणि कोणता ठिपका कोणाचा, हे रडारला कळत नाही. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी नोंदवलेल्या डॉप्लर वक्रांवरून (उपग्रह जवळ येताना-जाताना सिग्नलची फ्रिक्वेन्सी कशी बदलते त्याच्या आलेखांवरून) ते ठरतं.

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) आणि ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासची छोटी यागी अँटेना (एका दिशेला रोखायची) पुरते. साधा द्विध्रुव (दोन भुजांची अँटेना) करायचा तर प्रत्येक भुजा साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. प्रवर्धक (सिग्नल वाढवणारं उपकरण) अँटेनापाशी लावा, डोंगलपाशी नको: आरजी-५८ केबलच्या १० मीटरमध्ये निम्म्याहून अधिक सिग्नल विरतो, आणि विरलेला सिग्नल नंतर वाढवला की त्याबरोबर खरखरही वाढते. स्वयंचलित गेन (सिग्नल किती वाढवायचा ते आपोआप ठरवणारी सोय) बंद करा, नाहीतर जवळचं एफएम केंद्र सगळं गिळून टाकतं. डोंगल पडद्यावर दाखवतो त्या पट्ट्याच्या मध्यावर कायम एक खोटा उंचवटा दिसतो, म्हणून अपेक्षित फ्रिक्वेन्सीपासून ५० किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करा. उपग्रह येताना सिग्नलची फ्रिक्वेन्सी साधारण १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकीच खाली सरकते. न सरकणारी रेघ दिसली तर ती शेजारच्या एखाद्या उपकरणाची समजा.

सेकंदाला २,५०,००० नमुने घेतले तर दहा मिनिटांची कच्ची नोंद सुमारे ३०० मेगाबाइट होते. संगणकाचं घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवून घ्या; एका सेकंदाची चूक म्हणजे कक्षेत साडेसात किलोमीटर. नोंद सॅटनॉग्सवर (हौशी मंडळींच्या उपग्रह-नोंदींचं जाळं) किंवा थेट प्रकल्पाच्या संघाकडे पाठवा. काहीच ऐकू आलं नाही, तरी तसं वेळेसकट कळवा.

रेडिओत रस नसेल तर दुर्बिणीचीही वाट आहे. २०१६ मध्ये हंस तारकासमूहातल्या केआयसी ८४६२८५२ या सुमारे १२ व्या प्रतीच्या (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या) ताऱ्यावर सतत नजर ठेवता यावी म्हणून लोकांनी एक लाख डॉलरहून अधिक देऊन निरीक्षणाचा वेळ विकत घेतला. मे २०१७ मध्ये तो मंदावताना सापडला. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त घटला, म्हणजे आड आली ती बारीक धूळ. तशी मोजमापं करायची तर कॅमेऱ्यापुढे प्रमाणित व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाशच पुढे सोडणारी काच) हवा, आणि तुलनेसाठी त्याच चित्रात शक्यतो त्याच रंगाचे दोन-तीन स्थिर तारे.